टोपी चुकली होती, बाई नाही

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा मार्था डिक, व्यासपीठावर आलेले आरोग्य मंडळाचे प्रतिनिधी श्री. हाल्डोरसन, आजच्या सत्कारमूर्ती लोर्ना थीसन, आणि हीटर रुसल्यामुळे कोट न काढताच बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी जोलीन पाश्को. शाळेची बस चालवते. पोरांवर ओरडायला मला माइक लागत नाही, त्यामुळे हा धरायची सवय नाही. मार्थाने मला पाच मिनिटं दिली आहेत आणि वर 'गोड बोल' अशी सूचनाही. पाच मिनिटांचं पाळायचा प्रयत्न करते.

बोलायचं आहे ते अंगावर पाजण्याबद्दल. पुरुषमंडळींनी छताकडे बघायची गरज नाही. तुम्हीही दूध पिऊनच मोठे झालात.

नऊ वर्षांपूर्वी, जानेवारीत, आमची हॅटी शहरातल्या इस्पितळात जन्मली. तिला धरताच येईना. तोंडात घेतलं की सुटायचं, सुटलं की ती किंचाळायची. दुसऱ्या दिवशी घाईत असलेल्या एका नर्सने माझ्या हातात सिलिकॉनची पातळ पारदर्शक टोपी ठेवली. निपल शील्ड. "ही लावून पाज," म्हणाली आणि गेली. कशी लावायची? कोणत्या मापाची? किती दिवस? संध्याकाळी दुसरी आली. "ही कोणी दिली तुला? बाळाला सवय लागेल, दूध आटेल." तीही गेली. आता सांगा, मी ऐकायचं कोणाचं?

घरी आलो. टोपी मधेच निसटायची, दूध माझ्या मांडीवर आणि पोर उपाशी. दुखायचं असं, की पायाची बोटं आखडायची. माझ्या सासूबाई, इर्मा, तिथे बसल्याच आहेत, त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी असली झाकणं नव्हती गं." मी म्हटलं, "तुमच्या वेळी गाडीत पट्टेसुद्धा नव्हते!" आमचे हे, वेस, भांडी घासायला पळाले. लग्नानंतर पहिल्यांदाच, न सांगता.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "दूध येतंय ना?" जसं काही मी ते कुठेतरी लपवून ठेवलं होतं.

नवव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, आपल्या गावची नर्स लोर्ना आली. बाहेर उणे एकतीस. दारात बूट काढले, तळहात घासून गरम केले, आणि हॅटीला काट्यावर ठेवलं. जन्मताना सात पौंड दोन औंस होती ती. काटा सहा पौंड पाच औंसांवर थांबला. मी म्हटलं, "मला जमतच नाही लोर्ना. मी आई म्हणून नापास."

 तिने आधी डॉक्टरांना फोन केला. मग मी यंत्राने काढलेलं थोडं दूध होतं, ते बाटलीने पाजायला लावलं. "आधी तिचं पोट," म्हणाली, "मग आपली तत्त्वं." मग विचारलं, "माप कोणी घेतलं होतं?"

"कशाचं?"

"टोपीचं."

ब्रा घ्यायला गेलं तर दुकानातली पोरगी टेप घेऊन मागे लागते. इथे कोणालाच सुचलं नव्हतं! लोर्नाने मोजलं, पिशवीतून मोठी टोपी काढली. "चुकलं ते माप. तू नाहीस."

टोपी कोमट पाण्यात बुडवली, कडा अर्धी उलटी करून बरोबर मधोमध बसवली, टोकात दुधाचे चार थेंब पिळले. मला म्हणाली, "अशी वाकू नको. मागे टेक, बाळाला तुझ्याकडे आण. जांभई देताना उघडते तेवढं तोंड उघडू दे. नुसतं टोक चोखायचं नाही; टोपीमागची छातीही तोंडात जाऊ दे." आणि हॅटी गिळायला लागली. घुट्, घुट्. ऐकू यायचं. पुन्हा काट्यावर ठेवलं तर दीड औंस वाढ. मी रडले. इर्मा चहा करायला म्हणून उठल्या आणि किटलीजवळ उभ्या राहून रडल्या.

त्यानंतर लोर्ना दर दोन दिवसांनी यायची. दूध टिकावं म्हणून पाजल्यावर यंत्राने काढायला लावायची, ओले डायपर मोजायला लावायची. तीन आठवड्यांच्या आतच हॅटी जन्माच्या वजनावर आली. टोपी सुटायला मात्र पाच महिने लागले. मधे मी भीतभीत विचारलं, "अजून लावतेय, चालेल ना?"

"दुखतंय?"

"नाही."

"वजन वाढतंय?"

"हो."

"मग कोणाच्या बापाचं काय जातंय?"

हे मी तिचेच शब्द सांगतेय, मार्था. गोडच आहेत.

आता श्री. हाल्डोरसन, आपल्याकडे वळते. लोर्ना आज निवृत्त होतेय आणि मंडळाचं पत्र आलंय, की तिच्या जागी कोणी येणार नाही. एक नंबर दिलाय, अडचण आल्यास फोन करावा. बुधवारी मी केला, नव्या बाळाची आई असल्यासारखा. पस्तीस मिनिटं गाणी ऐकली. मग एक मुलगी बोलली. गोड होती बिचारी, तिचा दोष नाही. म्हणाली, "बाळाचं आत्ताचं वजन सांगा." मी विचारलं, "काटा कोण आणणार?" ती म्हणाली, "तशी सोय नाही." फोनवरून माप कसं घ्यायचं, हेही तिला सांगता आलं नाही.

तिसऱ्या रांगेत माझी भावजय डार्ला बसली आहे. मार्चमध्ये बाळंत होईल. तिच्या दारात बूट कोण काढणार आहे?

मघाशी स्वयंपाकघरात लोर्ना माझ्या कानात म्हणाली, "माझ्या निरोपात भांडण नको गं." लोर्ना, तुझं सगळं ऐकलं, आजचं एवढं नाही ऐकलं. तू बत्तीस वर्षं या गावातल्या बायकांना रडून घेऊ दिलंस आणि मग उभं केलंस. तुझे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. चिडायला आहेत, म्हणून तेच वापरले.

मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. सहा मिनिटं झाली, त्याची माफी असावी. कोणाला काही लागलं असेल तर तेही पोटात घाला. प्रश्न मात्र मी मागे घेत नाही. श्री. हाल्डोरसन, माइक इथेच ठेवून जातेय.