शेरूची शिकवणी

आमचं लग्न पत्रिका जुळून नाही, कुत्र्यामुळे जमलं. हसू नका, आधी ऐका.

घरोघरी नुकते फोन आले होते तेव्हाची गोष्ट. मी मामांना घेऊन मनमाडहून गंगापूर रोडला मुलगी बघायला गेलो. पोहे आले. मी पहिला चमचा तोंडाशी नेतोय, तोच मुलीचे वडील माझ्या दिशेनं तळहात रोखून गरजले, "थांब!"

मी थांबलो. वाटलं, यांच्याकडे आधी देवाला नैवेद्य दाखवत असतील. तेवढ्यात आत फोन वाजला आणि ते उठून गेले. मामा पुटपुटले, "अरे, खा ना!"

"अजून नैवेद्य व्हायचाय," मी म्हटलं. मामांनीही निमूट प्लेट खाली ठेवली.

फोन काही संपेना. पोहे पार गार झाले. शेवटी ते बाहेर आले आणि ओरडले, "शेरू! परत खाल्लंस?"

मी वळून बघितलं. माझ्या खुर्चीमागे एक कुत्रा रिकाम्या ताटलीसमोर जिभल्या चाटत बसला होता.

"तीन महिने शिकवतोय, 'घे' म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही म्हणून!" मग त्यांना माझी भरलेली प्लेट दिसली. "अहो, तुम्ही का थांबलात?"

मी खरं ते सांगून टाकलं. दारात उभी मुलगी इतकी हसली, की ट्रेमधला चहा सांडला. ती आत पळाली आणि आईला म्हणाली, ते बाहेर सगळ्यांना ऐकू आलं:

"मला पसंत आहे. शेरूला तीन महिन्यांत जमलं नाही, ते यांना पहिल्याच दिवशी जमलं!"