वहीत न सापडलेलं आयोडीन

तुम्ही मिठाचा विषय काढलात म्हणून सांगतो. तब्येतीसाठी म्हणून वर्षभर घरात सैंधव मीठ मीच आणत होतो. त्यात आयोडीन जवळजवळ नसतं, हे फार उशिरा कळलं. बायकोच्या, सुनंदाच्या थायरॉइडच्या धास्तीने मी तिला आणि आयोडीनच्या गोळ्या घेऊन आमच्या बंगाली डॉक्टरांकडे गेलो.

"थांबा मोशाय," ते म्हणाले, "आयोडीन कमी पडलं तरी थायरॉइड बिघडतो, जास्त झालं तरी. आधी तपासणी करा आणि पंधरा दिवस यांचं खाणं लिहून आणा."

मी पोह्यांपासून ताकापर्यंत सगळं वजन करून लिहिलं. दुपारचं सुनंदा सांगेल ते.

डॉक्टरांनी वही आणि रिपोर्ट शेजारी ठेवले. "वहीप्रमाणे यांना आयोडीन फारच कमी मिळतं. रिपोर्टमध्ये मात्र हवं तेवढं आहे."

सुनंदा हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही ऑफिसला गेलात की मी शेजारच्या बंगाली मावशींकडे, मासीमांकडे जेवते. कधी कोळंबी, कधी समुद्राचा मासा. आपल्याकडे चालत नाही, म्हणून बोलले नाही."

गोळ्या परत केल्या. रविवारी वहीत लिहिलं: दुपारी एक वाजता, मासीमांकडे, कोळंबी. दोघांनी.