डिरेक्टरीतला जादा रकाना

अरे, त्या शनिवारचं डोकं अजून भणभणतंय! बेळ्ळंदूरच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या डिरेक्टरीचं अपग्रेड चाललं होतं. दुपारपर्यंत झालं नाही तर सोमवारी कुणाचंच लॉगिन होणार नव्हतं. आणि ते मेलं तिसऱ्यांदा अडकलं. ‘अक्का’ नावाचा एक रकाना नव्या स्कीमात, म्हणजे माहितीच्या नव्या मांडणीत, बसेना. त्यात नुसते फोन नंबर. तो बनवणारे अण्णा रिटायर होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला राहतात. वैतागून त्यांनाच फोन लावला.

“अण्णा, हा ‘अक्का’ रकाना उडवू का?”

“थांब रे! कुणाला काही झालं तर आधी कुणाला कळवायचं, ते आहे त्यात. फॉर्मवर सगळे वडिलांचा नंबर देतात आणि वडील घाबरतात. म्हणून मी एकेकाला बहिणीचा विचारला.”

“मला नाही विचारलात.”

“विचारला होता. बहीण नाही, या शहरात माझं कुणीच नाही, म्हणालास.”

मी माझी नोंद उघडली. ‘अक्का’पुढे, ज्यावर मी आत्ता बोलत होतो, तोच नंबर होता.