कार्डावरची सोंड

युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लढत होते, त्या काळातल्या धार्मिक चित्रांचं प्रदर्शन पाहून मी बाहेर आलो. सिंगापूरच्या त्या म्युझियमच्या काउंटरवर बॅगा परत घ्यायच्या रांगेत पुढे एक मराठी जोडपं होतं.

"एका चित्रावरून माणसं जिवावर उठली. कमाल आहे, विनीता."

"आणि तू रे, रवींद्र? गणेशोत्सव मंडळाच्या निमंत्रणाच्या कार्डावर काय केलंस?"

"मी फक्त कंप्युटरवर गणपतीचं तोंड फिरवलं. तो जाहिरातीकडे पाठ करून बसला होता."

"आणि सोंड उजवीकडे गेली."

"ते छापून आल्यावर कळलं. मंडळातला प्रबोध म्हणाला, उजव्या सोंडेला कडक सोवळं लागतं, कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये कोण पाळणार? तेव्हाच चूक झाली म्हणालो असतो तर संपलं असतं."

"तू कलास्वातंत्र्य म्हणालास."

"रॅफल्स प्लेसच्या बँकेतला माणूस मी. तो शब्द आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला."

"आता यिशुनच्या वीस मराठी घरांत दोन मंडळं आहेत."

"प्रबोधच्या मंडळाच्या कार्डावर तर चित्रच नसतं म्हणे. नुसती अक्षरं."

"फोन कर त्याला."

"आधी त्याने करावा. चारच वर्षं झालीत. आत लिहिलं होतं ना, त्यांचं एक युद्ध तीस वर्षं चाललं."

"म्हणजे अजून सव्वीस वर्षं मी त्याच्या बायकोकडे, जाईकडे, मोदक चोरून पाठवायचे."

"चोरून? प्रबोधच्या घरी?"

"दर चतुर्थीला एकवीस. जाई सांगत होती, तो सकाळपासून विचारत असतो, रवींद्रकडचे आले का."