गोधडीचं पोट

—नाही नाही, तिथे पाय नको देऊ, गोधडी मांडलेली आहे ती. अशी भिंतीकडून ये. हां. बस त्या पाटावर. तुझे बाबा चुडामणभाऊ अन् आमचे मास्तर ओट्यावर बसलेत, बसू दे, केळीचा विषय निघाला म्हणजे चुडामणभाऊ लवकर उठत नाहीत असं ऐकलंय. तुला आत पाठवलं ना घर पाहायला? पहा मंग. सैपाकघर पाहिलं, न्हाणी पाहिली, आता ही मधली खोली. ही तुझी. लग्न लागलं की इथेच. कोकिळा ना नाव तुझं? चांगलं आहे. मी सुलभा, मास्तरांची पहिली — ते तं तुला ठाऊकच असेल, देडतलाईहून इथपर्यंत येताना गाडीत दुसरं काय बोलले असतील. मला ताई म्हण, मोठी म्हण, काहीही म्हण, मला काही वाटत नाही. खरंच नाही वाटत. शेजारची मालूबाई रोज सकाळी ताक मागायच्या निमित्तानं येते अन् माझे डोळे पाहून जाते — रडली का, नाही रडली. आता डोळ्यांत असेल तं दिसेल ना तिला.

वर काय पाहते? कडी आहे ती. पाळण्याची. माझ्या लग्नाच्या वर्षीच सासूबाईंनी ठोकून घेतली. ही खोली बाळंतिणीची, म्हणून इथे खाट टाकू द्यायच्या नाहीत, ज्वारीचं पोतं ठेवू द्यायच्या नाहीत. रोज झाडायची अन् दार लोटून घ्यायचं. अन् मी आपली सैपाकघरात शिवायची — दुपारची जेवणं झाली, सारवण वाळलं, की जराशी जागा निघायची. तेवढ्या जागेत काय होतं? गल्लीतल्या पोरांची दुपटी. दिवेलागणीच्या आत संपलं पाहिजे, कारण मंग चुलीपुढची जमीन लागते, अन् मांडलेली गोधडी अर्धवट उचलायची नाही. तुमच्याकडे आहे का हे? नाही? आमच्या घरात आहे. कडेपासून टाके घालत घालत आत यायचं, मधोमध तळहाताएवढी जागा सोडायची, तिथे भाकरीचा वाळका तुकडा ठेवायचा अन् वरून शेवटचं ठिगळ. त्याला पोट म्हणतात. पोट भरलं की मंगच गोधडी उचलायची. उपाशी उचलली तं जो पांघरेल त्याच्या घरात भाकर टिकत नाही — सासूबाईंचं म्हणणं. मास्तर एवढे शिकलेले, पण आईचा शब्द, अजूनही मांडलेल्या गोधडीला हात लावत नाहीत. पाय लागला चुकून तं नमस्कार करतात.

एक सांगू का, हसशील तू. मी नवी होती तेव्हा. पहिलंच दुपटं शिवत होती, मालूबाईच्या पोरासाठी, अन् शिवता शिवता विसरली — टाके घालत मधापर्यंत आली, तुकडा घातलाच नाही. सासूबाईंनी अंगणातून दारात वाकून पाहिलं अन् तिथूनच ओरडल्या, अगं बाई, सुलभाचं पोट राहिलं. म्हणजे काय, घालायचं राहिलं. आता गल्लीनं काय ऐकलं? संध्याकाळपर्यंत मालूबाई चिंचेचं सार घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी कोणी कैरी, कोणी दराब्याचे लाडू. सासूबाई त्याच दुपारी माहेरी असीरगडाला निघून गेल्या होत्या, भावाचं दुखणं होतं, सांगणारं घरात कोणी नाही. आणि मी — मी तं सांगू शकत होती ना? नाही सांगितलं. खाल्लं सगळं. मालूबाई म्हणायची जड उचलू नको, मी नाही उचलायची. ह्या खोलीत येऊन बसायची जराशी, कडीकडे पाहत. मंग सासूबाई आल्या अन् झालं उघड. हसले सगळे. मीपण हसली. हे तुला काहून सांगत बसली मी? जाऊ दे.

दुपटी मात्र शिवत राहिली. ह्या गल्लीत जे पोर जन्माला आलं ते माझ्या दुपट्यावर निजलं. अन् मंग एका दुपारी, शेवटच्या आजारपणात असतील, सासूबाई म्हणाल्या, सुलभा, आता मोठी गोधडी मांडत जा. मधल्या खोलीत मांड. एवढंच म्हणाल्या अन् कूस बदलली. काय म्हणाल्या ते मला कळलं, मास्तरांनाही कळलं. त्या दिवशी मी खोली झाडली अन् भिंतीपासून भिंतीपर्यंत लुगडं पसरलं. पूर्ण. कुठे दुमडलं नाही. आत यांची जुनी धोतरं, वर सासूबाईंचं जांभळं लुगडं. दार लोटून घेतलं. शेजारणी म्हणायच्या, तुझं बरं आहे बाई, मागे पोर नाही सोर नाही, केवढी फुरसत. अन् बरंच होतं ते. खरंच बरं होतं, हे कुठे बोलू नको — दुपारभर मी इथे असायची, ऊन त्या खिडकीतून यायचं अन् पायापर्यंत सरकायचं, कोणी हाक मारायचं नाही, अन् मी सुखात होती. पोर नसलेल्या बाईनं सुखात असू नये, मला ठाऊक आहे. पण होती.

तं मंग ह्या पावसाळ्यानंतर मास्तर एकदा पेपर वाचता वाचता म्हणाले — मोठ्यानं वाचतात ते, मला समजावत — राजेलोकांची संस्थानं सरकारात मिळवली, पण पहा, कोणाचा अपमान नाही केला. राज्य गेलं, मान राहिला, तनखा बांधून दिला, महाराज म्हणायचं ते महाराजच म्हणायचं. मी म्हटलं बरं झालं. तं म्हणे, तुझाही मान असाच राहील. तेव्हा कळलं मला, की पेपर कशासाठी वाचून दाखवत होते. नाहीतर मास्तर वाईट नाहीत हो, तुला सांगते. आवाज चढवत नाहीत. भाजीत मीठ कमी असलं तं गुपचूप खातात. तुझं नीट होईल.

खोली? खोली खाली करायची आहे, हो. दसऱ्याच्या आधीपासून म्हणतात. रोज शाळेतून आले की दारात उभे राहतात अन् विचारतात, झाली का? मी म्हणते, पोट राहिलं आहे. मंग जातात परत. काय म्हणतील? आईचा शब्द. ही पहा ना, कडा झाल्या, चारी बाजू झाल्या, हा मधला तळहात तेवढा उघडा आहे. एका बैठकीचं काम. तुकडा त्या कोनाड्यात वाटीत ठेवला आहे, वाळून खडक झाला. सुई ओवलेली आहे. रोज दुपारी इथे येऊन बसते, सुई हातात घेते, अन् ठेवते. तुकडा घातला की उचलावी लागेल ना. तुझ्यासाठीच आहे ती, दोघांना पुरेल एवढी मांडली, मास्तरांनीच सांगितलं. मला त्याचंही काही वाटत नाही. बोट टोचलं तरी कळत नाही आजकाल.

काय म्हणालीस?

मंग मी कुठे शिवणार, असं विचारते?

हे — हे कोणी विचारलं नव्हतं. मास्तरांनी नाही विचारलं. मालूबाईनं नाही. मी पण…

नाही, मला नाही ठाऊक. सैपाकघरात आता दोघी असू, तिथे तं… नाही ठाऊक, माय.

ऊठ. तुझे बाबा हाक मारत आहेत. पदर नीट घे. कोणी विचारलं तं सांग, खोली पाहिली, मोठी आहे, उजेड आहे. अन् कधी खाली होते म्हणाले, तं सांग — पोट राहिलंय अजून. सांगशील? जा मंग. कडेकडेनं जा.