हिरव्या बाटलीतलं पाणी

एंडांग : एक्क्याऐंशी टक्के?

लारस : हो, बू एंडांग. दातांवरच्या जंतूंचा एक्क्याऐंशी टक्के थर गेला, विड्याच्या पानाच्या अर्कानं. तिसऱ्यांदा तोच आकडा. आता प्रबंधावर सही कराल ना? शुक्रवारपर्यंत कागद पोचला नाही तर तुबानच्या कॉलेजातली जागा जाईल.

एंडांग : अर्क कुठल्या बाटलीतला?

लारस : सोमवारी तुम्ही दिलीत ती.

एंडांग : त्यात पाणी होतं. केकात घालतात तो हिरवा रंग टाकला होता मी.

लारस : थट्टा करताय, बू.

एंडांग : थट्टा मी चारचौघांत करते. तीन वर्षं पानं उकळतेस पोरी, वास आला नाही हे खटकलंसुद्धा नाही?

लारस : मास्क होता. पण आकडे मी बनवले नाहीत. अल्लाची शपथ.

एंडांग : ठाऊक आहे. बनवायला धाडस लागतं. मी काचेआडून बघत होते. बिनऔषधाच्या नळ्यांची रांग धुतेस, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी. औषधाची आली की करपलेली कढई घासल्यासारखी. थर पानानं जात नाही, तुझ्या हातानं जातो.

लारस : मला खरंच कळलं नाही. पुन्हा करते. प्रयोगशाळेतली मदतनीस सुतिनी धुवेल, औषध कुठल्या रांगेत ते तिला सांगायचं नाही.

एंडांग : सुतिनीनं काल तसंच धुतलं, खरा अर्क वापरून. चार टक्के.

(बाईंनी दुसऱ्या कुणाचे दोन कागद तपासून घेतले.)

लारस : ज्या लेखावर तुम्ही विभागप्रमुख झालात, त्यातलं धुणंही माझंच होतं.

एंडांग : म्हणून तर शेवटी तुझे आभार मानलेत. 'धुण्याचं काम : लारस.' उद्या कुणी चूक काढलीच, तर कुणाची ते छापलेलं आहे.

लारस : तेव्हाच माहीत होतं तुम्हाला?

एंडांग : शंका होती. शंकेवर कुणी बढती नाकारतं का?

लारस : मग माझी सही?

एंडांग : पाण्यावर कशी करू? तुबानला सकाळीच कळवलंय, तुझ्यासाठी जागा राखून ठेवू नका म्हणून.

लारस : मी गावी जाते.

एंडांग : गुरुवारी जा. बुधवारी टूथपेस्टवाले येतायत, अर्काचा गुण डोळ्यांनी बघायला.

लारस : पण त्याला गुणच नाही, बू.

एंडांग : म्हणून तर सुतिनीला त्या दिवशी सुट्टी दिलीय.