हिरवी कड

(जळकोट. ओसरीवर बापलेक. वर्षाराणी हैदराबादच्या प्रयोगशाळेतून सकाळीच आलीय. आजारी भाऊ समर्थच्या तपासणीतला पेशींचा फोटो ती बापाला दाखवतेय.)

वर्षाराणी : ...हे डावीकडचं धडधाकट माणसाचं, आण्णा. उजवीकडचं आपल्या समर्थचं.

बब्रुवान : ह्या फोटूत समर्थ कुठंय?

वर्षाराणी : त्याच्या जीनची नक्कल हाय. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं बारीक कडं. त्यात ती नक्कल बसवायची, तिला हिरवा टॅग जोडायचा, आन् ते कडं माणसाच्या पेशीत सोडायचं. पेशी मग ते प्रथिन हिरव्या टॅगसकट बनवते. कुठं जातंय ते दिसतं.

बब्रुवान : मेंढराच्या पाठीवर रंग मारताव तसं.

वर्षाराणी : तसंच.

बब्रुवान : डावीकडं कडंकडंनं हिरवं हाय. उजवीकडं मधीच गोळा.

वर्षाराणी : ते प्रथिन पेशीच्या कडेलाच पोचायला पायजे. न्हाय पोचलं की स्नायू झिजत जातात. रिपोर्टवाले म्हणत होते, जीनमधी बदल दिसतोय, पण आजार त्यानंच झाला याची खात्री न्हाय. आता खात्री हाय.

बब्रुवान : औषध?

वर्षाराणी : न्हाय.

बब्रुवान : बरं. एवढंच सांगायला रजा काढलीस व्हय?

वर्षाराणी : समर्थला एक बदल आईकडनं आला, एक तुमच्याकडनं. तुमी मामाची पोरगी केली, दोघांकडं तोच होता. एकच आला तर माणूस ठणठणीत ऱ्हातंय. दोन आले की समर्थसारखं.

बब्रुवान : आन् तू?

वर्षाराणी : माझ्यात एक हाय.

बब्रुवान : म्हंजी मुरुमला ठरलेलं तुझं लगीन...

वर्षाराणी : सिद्धेश्वर तुमच्या सख्ख्या बहिणीचा पोरगा. त्याच्यातबी असू शकतंय. लग्नाआधी त्याचं रक्त तपासायचं.

बब्रुवान : सुपारी फुटलीया, राणी. आक्का म्हणंल, माझ्या पोरात खोट काढली.

वर्षाराणी : म्हणू दे.

बब्रुवान : आन् निघालं तर?

वर्षाराणी : तर मी लगीन करणार न्हाय. समर्थला तुमी रोज उचलून न्हाणीत नेता. तसं लेकरू जाणूनबुजून जन्माला घालणं मला जमणार न्हाय.

बब्रुवान : आवडतो का तुला त्यो?

वर्षाराणी : व्हय.

बब्रुवान : बोलणं होतंय तुमचं?

वर्षाराणी : रोज. काल मी फोन उचलला न्हाय.

बब्रुवान : आक्काला मी सांगतो. त्याला तेवढं तूच सांग.